हसनाबादहून आलेले शब्द

जुना जालना,
१४ जून २००२

ती. आत्याबाई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे आणि ओळी सुट्या ठेवल्या आहेत. उन्हात धरून वाचा. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका, एवढी एकच विनंती.

काल दुपारी नंदाबाई माझ्या खोलीवर आली. तिला मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. तुमच्या ओसरीवर, हिरव्या साडीत. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मला मूल नाही म्हणून तुमच्या मुलानं तिला घरात आणलं त्या दिवशी. त्याच दिवशी मी हसनाबाद सोडलं.

ती म्हणाली, "अक्का, आत येऊ का? पोरीला ताप हाये. दवाखान्यात दाखवून आल्ते. सासूबाईनं हे तुमच्याजवळच द्यायला सांगितलंय."

पिठाच्या पिशवीतून तिनं कागदांचा गठ्ठा काढला, यंत्राला आपली भाषा शिकवायच्या टिपणांचा. हैदराबादचा. मी मार्चपासून त्याची वाट पाहत होते. अर्जावर कायमचा पत्ता मागितला होता आणि माझ्या सगळ्या कागदपत्रांवर अजून तुमच्या घराचाच पत्ता आहे, म्हणून तो तिकडे गेला. वरची बारा पानं जळालेली होती. मी विचारलं तेव्हा नंदाबाई म्हणाली, "त्यांनी बंबात घातलं व्हतं. सासूबाईनं हातानं ओढून काढलं. मंग कणगीत लपवून ठेवलं."

तुमच्या हाताला किती भाजलं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण तेवढ्यात ती पुढचं बोलली. "पैलेची पुस्तकं बी सासूबाईच पाठवत व्हत्या ना. तुमाला ठाऊक न्हाई?"

आत्याबाई, मला ठाऊक नव्हतं.

घर सोडलं तेव्हा माझा पत्राद्वारे चालणारा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम अर्धा झाला होता. पुस्तकं हसनाबादच्या पत्त्यावर यायची. मला वाटलं, आता बंद होतील. पण दर दोन महिन्यांनी वडिलांच्या घरी पाकीट यायचं. जुना पत्ता खोडलेला, आणि शेजारी वाकड्या अक्षरांत जालन्याचा. मी समजले, हसनाबादचे पोस्टमास्तर भले आहेत. त्यांना आभाराचं पत्रसुद्धा पाठवलं. त्यांचं उत्तर आलं नाही ते बरोबरच होतं.

माझ्या नावातला 'ळ' त्या पाकिटांवर दर वेळी आडवा पडलेला असायचा. साक्षरतेच्या वर्गात मी तुम्हाला तो 'ळ' किती वेळा गिरवायला लावला होता. बाकीच्या बायका हसायच्या आणि तुम्ही म्हणायच्या, "माझा ळ झोपतोच, काय करू?" ते अक्षर मी ओळखलं नाही. इतकी पाकिटं हातात घेऊन ओळखलं नाही.

त्या अभ्यासक्रमाच्या जोरावर मला बियाणांच्या कंपनीत नोकरी मिळाली. या खोलीत राहते ती त्या नोकरीवर. म्हणजे कुणाच्या जोरावर, ते काल कळलं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. मी निघाले तेव्हा तुम्ही आत जाऊन दार लावून घेतलंत. एक शब्द बोलला नाहीत. त्याचा राग मी पाच वर्षं धरला. आजही तो पुरता गेला आहे असं खोटं लिहिणार नाही. पण त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी काल त्या पिशवीतून आलं.

हाताला काय लावताय ते कळवा.

तुमची,
तुळजा


जुना जालना,
९ जुलै २००२

ती. आत्याबाई,

तुमचं कार्ड मिळालं. पंधरा शब्दांचं. 'हात बरा. पोरगी बरी. रडू नको. यंत्राला काय शिकवून राह्यली ते लिव्ह. कळंल असं लिव्ह.' मी ते ऑफिसात टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

कळेल असं लिहिते.

आमच्या कंपनीत चार फोन आहेत. शेतकरी फोन करतो, पिकाचं दुखणं सांगतो. आम्ही चौघी कानाला यंत्र लावून बसतो आणि जाड पुस्तकात शोधून त्याला उपाय सांगतो. आता साहेबांना वाटतं की शेतकऱ्याचं बोलणं आम्ही कॉम्प्युटरवर टाइप करावं आणि उपाय कॉम्प्युटरनं शोधावा. म्हणजे कॉम्प्युटरला आपलं बोलणं कळलं पाहिजे. हे शिकवायचं एक शास्त्र आहे. ते जालन्यात कुणी शिकवत नाही. मी सायबर कॅफेत बसून हुडकलं, तेव्हा हैदराबादच्या एका संस्थेतल्या अरुंधती मॅडमच्या टिपणांचा पत्ता लागला. मूळच्या जालन्याच्याच आहेत. त्यांच्या संस्थेला टिपणांसाठी अर्ज केला आणि त्यांनी हा गठ्ठा पाठवला. आधी काय वाचायचं, मग काय, कुठल्या पानावर अडलं तर कुठलं उदाहरण सोडवायचं, सगळं त्यांनी समासात मराठीत लिहिलं आहे. जळालेली बारा पानंही त्यांनी पुन्हा पाठवली. कशी जळाली ते मी सांगितलं नाही. 'वाटेत खराब झाली' असं लिहिलं.

त्यात एक सोपी गोष्ट आहे. यंत्राला एकेक शब्द सांगून उपयोग नसतो, शब्दाशब्दांतलं नातं सांगावं लागतं. 'मावा – पडतो – ज्वारीवर.' 'चिकटा – होतो – माव्यानं.' अशी हजारो छोटी वाक्यं एकमेकांत गुंतवली की अर्थाचं जाळं होतं. मग कुणी नुसतं 'चिकटा' म्हटलं तरी यंत्र माव्यापर्यंत पोचतं.

अडचण अशी आहे की आमच्या कंपनीच्या यादीतले शब्द पुस्तकातले आहेत. त्यात ज्वारीला आधी 'शाकीय वाढ' होते आणि मग 'फुलोरा' येतो, बस्स. आणि फोनवर माणूस म्हणतो, "बाई, पोटरीत हाये," "निसवून राह्यली," "चिकात आली." बाकीच्या तिघी माझ्याकडे बघतात आणि मी सांगते, कणीस पोटात आहे, बाहेर पडतंय, दाण्यात दूध भरलंय. मला थोडं येतं, कारण पाच वर्षं मी तुमच्या मागं रानात हिंडले.

तुमच्याकडे किती शब्द आहेत, आत्याबाई? एका कार्डावर तीन-चार लिहा. शब्द, आणि कळेल असा अर्थ. घाई नाही.

अरुंधती मॅडमचा हैदराबादला तीन आठवड्यांचा वर्ग आहे, ऑक्टोबरात. तिथं येणाऱ्यानं आपल्या भागातली एक शब्दयादी आणायची असते. माझ्याकडे यादी नाही. माझ्याकडे तुम्ही आहात, एवढं मी अर्जात लिहिलं नाही, पण मनात तेच होतं.

तुळजा


हैदराबाद,
२७ ऑक्टोबर २००२

ती. आत्याबाई,

तुमची सव्वीस कार्डं घेऊन मी इथं आले आहे. रबर लावून पर्समध्ये ठेवली आहेत. नंदाबाईला सांगा, तिनं शेवटच्या कार्डावर काढलेलं तिफणीचं चित्र मॅडमनी फळ्यावर मोठं करून काढलं. तुम्ही तिला मदतीला घेतलंत हे मला आवडलं. घरात कळलं तर तिला बोलणी बसतील, तेवढं जपा.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. वर्गात एकवीस जण. सगळे मोठ्या कॉलेजांतले, भराभरा इंग्रजी बोलणारे. माझ्या शेजारच्या मुलीनं पहिल्या दिवशी विचारलं, कुठला पार्सर वापरता? वाक्याचे भाग सुटे करणाऱ्या प्रोग्रामला पार्सर म्हणतात, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी म्हणाले, मी जालन्याची आहे. ती हसली नाही, पण पुढं बोललीही नाही. चौथ्या दिवशी मी बॅग भरली होती.

मॅडम खोलीवर आल्या. भरलेली बॅग पाहून त्यांनी विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "उद्या सकाळचा तास तुमचा. कार्डं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी तुमचं एकेक कार्ड वाचलं. 'वाफसा. पाऊस पडून गेल्यावर माती हाताला चिकटत न्हाई अन कोरडी बी न्हाई, तवा पेरायचं.' वर्गातल्या एका मुलानं विचारलं, हे किती दिवसांनी? मी म्हणाले, कार्डावर दिवस लिहिलेले नाहीत, हात लिहिला आहे. मॅडमनी त्या एका शब्दावर दीड तास शिकवलं. माती, ओल, वेळ आणि पेरणी, चार गोष्टींचं नातं एका शब्दात कसं बसतं, ते यंत्राला कसं सांगायचं. कुठल्याच पुस्तकात एवढं चांगलं उदाहरण नाही असं म्हणाल्या. शेजारच्या मुलीनं दुपारी आपण होऊन माझ्या शेजारी बसून मला पार्सर शिकवला.

मॅडमनी त्यांच्या कपाटातली सगळी टिपणं, दोन पुस्तकं आणि तीन सीडी मला झेरॉक्स-कॉपी करून दिल्या. म्हणाल्या, "जालन्यात परत जाऊन तुम्ही एकट्या पडणार. हे पुरवून वापरा." मी पाया पडायला वाकले, तर हात धरला. "माझ्या नको. ती कार्डं लिहिणाऱ्या बाईंच्या पडा."

इथून तर पडता येत नाही. लिहिते आहे.

तुळजा


जुना जालना,
२८ ऑगस्ट २००३

ती. आत्याबाई,

पंधरा दिवस पत्र नाही, याचं कारण ऐकून तुम्ही रागवाल. रागवा. पण शेवटपर्यंत वाचा.

जुलैत आमची यंत्रणा तयार झाली. तुमच्या शब्दांवर उभी राहिली. सगळे खूश होते. गेल्या पंधरवड्यात मुंबईहून तीन मोठे साहेब बघायला आले. मी फोनवर बसले आणि ते तिघं माझ्या मागं उभे राहिले.

दुपारी बाराला आष्टीहून फोन आला. माणसाचं नाव संपत. लाइन खरखरत होती. "बाई, ज्वारीचे पोंगे… आडवा पडलाय… किराळ लागली, किराळ… जल्दी सांगा."

मी टाइप केलं: ज्वारी, पोंगे, किराळ. पडद्यावर आलं, 'किराळ: शब्द सापडला नाही.' तो शब्द सोडून यंत्रानं बाकीच्या दोन शब्दांवरून उत्तर काढलं. 'ज्वारी, पोंगेमर (मधला कोवळा शेंडा वाळणे). किडीचा प्रादुर्भाव. पोंग्यात दाणेदार औषध टाकावे.'

आत्याबाई, मला किराळ माहीत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, पावसानं ओढ दिली होती, आणि माझ्या हातून वासरू सुटून कोवळ्या ज्वारीत घुसलं. तुम्ही बांधावरून ओरडत पळत आलात. "किराळ लागून मरंल ते! सुकल्या ज्वारीचे पोंगे इख असत्यात!" मला माहीत होतं. तरी मी पडद्यावरचं वाचून दाखवलं, कारण मागं साहेब उभे होते आणि यंत्र बरोबर उत्तर देतं हे मला दाखवायचं होतं.

तो ओरडला. "ओ बाई, मी किडीचं न्हाई इचारून राह्यलो! बैल मरून राह्यला माझा!" आणि लाइन तुटली.

मी कानाचं यंत्र फेकलं. परतूरच्या जनावरांच्या दवाखान्याचा नंबर लावायला वीस मिनिटं गेली. डॉक्टर सुई घेऊन निघाले. पोचेपर्यंत बैल गेला होता. डॉक्टर मला म्हणाले, अर्धा तास आधी कळलं असतं तर कदाचित वाचला असता.

आता जे लिहायचं आहे ते यापेक्षा कठीण आहे. 'किराळ' तुम्ही मला पाठवली होती. डिसेंबरातल्या कार्डावर आहे, दुसऱ्या ओळीला. 'किराळ. सुकली कवळी ज्वारी खाऊन जनावर मरतं. जल्दी डाक्टर.' तुम्ही पाठवलेल्या चारशे अकरा शब्दांतले एकोणीस मी गाळले. ते जनावरांचे होते आणि आमची यादी पिकांची होती. माझ्या आकृतीत ते कुठं बसेनात. आकृती सुबक दिसावी म्हणून काढून टाकले.

साहेब म्हणतात, चाचणी होती, असं होतंच. कुणी मला बोललं नाही. म्हणूनच जास्त लागतं.

मी हे काम सोडायचं ठरवलं आहे. तुमची कार्डं जपून परत पाठवेन. ज्या हातानं तुम्ही आगीतून माझे कागद काढले, त्या हातानं लिहिलेला शब्द मी फेकून दिला. तुमच्यासमोर उभं राहायला मला तोंड नाही.

तुळजा


जुना जालना,
१६ सप्टेंबर २००३

ती. आत्याबाई,

तुम्ही परवाच इथून गेलात आणि मी लगेच लिहायला बसले. तुमच्यासमोर अर्ध्याहून जास्त बोलता आलं नाही, म्हणून.

तुमचं कार्ड वाचून मी आधी घाबरले होते. 'चूक तुझीच हाये. काम सोडून ती जाती का? शनिवारी येते. आष्टीला जायाचं.' मला वाटलं, तुम्ही रागाच्या भरात लिहिलंय, येणार नाही. घरातून कोण येऊ देईल? पण शनिवारी सकाळी हसनाबादच्या गाडीतून तुम्ही उतरलात. सहा वर्षांत किती लहान झालात. तुम्ही मला खालून वर पाहिलंत आणि म्हणालात, "वाळलीस." एवढंच. मग आपण दोघी आष्टीच्या प्रवासाला लागलो, जणू बाजारालाच निघालो होतो.

परतूरच्या पुढं गाडीत मी तुम्हाला ते विचारलं. दार का लावलंत, म्हणून. मला वाटलं होतं तुम्ही विषय टाळाल. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "दार उघडं ठेवलं असतं तर तू थांबली असतीस."

सहा वर्षं मी त्या दाराकडं बाहेरून पाहत होते. ते लावताना आतल्या बाईनं काय केलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही पदर सारखा केलात आणि कंडक्टरला विचारलंत, आष्टी किती दूर आहे. मी रडले ते तुम्ही पाहिलं असेल. पाहून न पाहिल्यासारखं केलंत, त्याबद्दलसुद्धा आभार.

संपतरावांच्या घरी मला वाटलं होतं शिव्या बसतील. गोठ्यात एकच बैल होता आणि शेजारची दावण रिकामी होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "फोनवर मीच होते. मला माहीत होतं, तरी चुकीचं सांगितलं." ते म्हणाले, "माझा बैल काय वापस येणार न्हाई, बाई."

"न्हाई येणार," तुम्ही म्हणालात. "ही मापी मागायला आली, पण मी तिला मापीसाठी न्हाई आणली. बैलाला काय काय झालं ते सांगा. ती लिव्हून घेईल. म्होरल्याचा तरी वाचंल."

मला वाटलं, आता हा माणूस आपल्याला हाकलणार. त्यांनी तुमच्याकडं पाहिलं. मग घोंगडं अंथरलं, बसले आणि सांगायला लागले. आधी चालताना झोकांड्या खात होता. मग श्वास जोरात. तोंडाला फेस. मग आडवा पडून पाय झाडायला लागला. सगळं पाऊण तासात. एकेक गोष्ट त्यांनी क्रमानं सांगितली आणि मी लिहीत गेले. सांगताना दोनदा थांबले. दुसऱ्यांदा त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं.

त्यांच्या आई आणि तुम्ही मात्र भांडलात. त्या म्हणाल्या, "किराळ काय? आमच्याकडं जनावराला ज्वारी लागली म्हणत्यात." तुम्ही म्हणालात, "तुमचा मुलगा फोनवर किराळच म्हणला की." त्या म्हणाल्या, "त्याची सासुरवाडी तुमच्या भोकरदनकडची हाये, तिकडून शिकून आला." संपतराव हसले. त्या घरात त्या दिवशी कुणी हसेल असं मला वाटलं नव्हतं. मी दोन्ही शब्द लिहून घेतले आणि मधे रेघ ओढली. दोन्ही एकच.

निघताना संपतराव रस्त्यापर्यंत आले. "बाई, तुमी इतक्या दूर येऊन तोंडावर सांगितलं हे बराबर केलं. आता यंत्राला बी बराबर सांगा."

काल ऑफिसात मी साहेबांसमोर कागद ठेवला. गाळलेले एकोणीस शब्द परत आले आहेत. पहिला प्रश्न आता 'पीक की जनावर?' असा येणार. आणि जो शब्द यंत्राला सापडत नाही तो सोडून पुढं जायचं नाही. यंत्रानं तिथं थांबायचं आणि माणसानं फोन हातात घ्यायचा. साहेब म्हणाले, यानं वेळ लागेल. मी म्हणाले, लागू द्या. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

काम सोडत नाही. राजीनामा लिहिला होता, तो फाडला.

तुळजा


जुना जालना,
१८ एप्रिल २००४

ती. आत्याबाई,

दोन बातम्या आणि एक कागद.

पहिली बातमी चांगली. गेल्या महिन्यात मंठ्याकडून एका बाईचा फोन आला. कापलेल्या ज्वारीचा खोडवा पुन्हा फुटला होता आणि गाय त्यात शिरली. तिला किराळ हा शब्द माहीत नव्हता. 'गाईला ज्वारी लागली' म्हणाली. यंत्र थांबलं नाही, चुकलंही नाही. पहिल्या ओळीला आलं, 'विषबाधा. ताबडतोब डॉक्टर.' गाय वाचली. त्या बाईनं आठ दिवसांनी पुन्हा फोन करून सांगितलं. मी लगेच आष्टीला संपतरावांना कळवलं. ते म्हणाले, "बरं झालं." आणि मग त्यांच्या आईला फोन दिला, कारण शब्द त्यांचा होता.

दुसरी बातमी हैदराबादची. अरुंधती मॅडमनी तुमचे शब्द आता वर्गाच्या अभ्याससाहित्यात घेतले आहेत. पुढच्या मुलांना माझ्यासारखं गठ्ठ्यासाठी अडून बसावं लागणार नाही. सगळं इंटरनेटवर ठेवणार आहेत, फुकट. यंदाच्या वर्गाला त्या मला शिकवायला बोलवत आहेत, आणि माझ्यासोबत तुम्हाला. तुम्ही रोज दोन तास बसायचं, मुलं विचारतील त्याचा अर्थ सांगायचा. त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे, 'त्यांच्याशिवाय तुम्ही येऊ नका.'

मी हे तुम्हाला कळवायच्या आधीच तुमचा मुलगा इथं येऊन गेला. नंदाबाई पोरीला घेऊन दवाखान्यात आली तेव्हा मी तिला सांगितलं होतं, तिच्याकडून त्याला कळलं. ऑफिसच्या फाटकाशी उभा होता. सात वर्षांनी. मी बाहेर गेले तेव्हा हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"आईला हैदराबादला नेऊन राह्यली म्हणं."

"त्यांची इच्छा असली तर."

"तिला मधुमेह हाये. गोळी जेवणाआधी असते, मागून न्हाई."

"लक्षात ठेवीन."

मला वाटलं, आता जुनं काहीतरी काढेल. त्यानं खिशातून वहीचं पान काढलं. "औताचे शब्द आईला नीट ठाऊक न्हाईत. ती बाईमाणूस, तिनं औत कुठं धरलं. रुमणं, जू, शिवळ, येसण… हे मी लिव्हलेत. आईच्या यादीत चुकीचं नको जायला."

मी पान घेतलं. त्याच्यावर चौतीस शब्द आहेत, अर्थासकट, सरळ अक्षरात. "ते कागद मी बंबात टाकायला नको व्हते," तो जाताना म्हणाला. माझ्याकडं न बघता, फाटकाला सांगितल्यासारखं.

आत्याबाई, मी त्याला माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. मी त्या घरी परत येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यालाही. पण ते चौतीस शब्द मी काल रात्री जाळ्यात घातले. एकही गाळला नाही. त्याचे आभार मानायचे राहून गेले. तुम्ही सांगा.

आता कागद. सोबत संस्थेचा फॉर्म आहे. तुमचं नाव, वय, गाव मी भरलं आहे. 'शिक्षण' इथं 'साक्षरता वर्ग, हसनाबाद' लिहिलं आहे, आणि 'कामाचे स्वरूप' इथं 'शिक्षक'. हसू नका, मॅडमनीच तसं सांगितलंय.

खाली एक रकाना आहे, 'सोबतच्या व्यक्तीशी नाते'. तिथं मी दोन दिवस अडले. सासू लिहावं, तर सरकारी कागदाला आता ते पटेल की नाही ठाऊक नाही. गुरू लिहिलं, तर तुम्ही मला रागवाल. आत्याबाई लिहिलं, तर हैदराबादच्या लोकांना कळायचं नाही. शब्दाशब्दांतली नाती जुळवायचं काम करते मी, दोन वर्षं तेच शिकले, आणि इथं मला शब्द सापडला नाही.

रकाना कोरा ठेवला आहे. तुम्ही भरा. तुम्ही जे लिहाल तेच आपलं नातं.

तुळजा